टेन्शन आणि शुगर: घाव एकाच अस्तरावर

रक्तवाहिनी म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ठिबकची नळी येते. बोअरचं पाणी क्षाराचं असलं की नळीत पांढरा थर बसतो, ड्रिपर चोक होतात, मग ॲसिड सोडून नळ्या धुवाव्या लागतात. हृदयाची 'नस ब्लॉक' झाली म्हणजे आतून असाच थर बसला, तो धुऊन काढला की झालं, अशी पक्की समजूत आहे. 'नस साफ करणारा काढा' विकणाऱ्यांचं फावतं ते याच समजुतीवर. पण नळी ही निर्जीव वस्तू आणि रक्तवाहिनी जिवंत. ती स्वतः रुंद होते, स्वतः आखडते, रक्त कुठे गोठू द्यायचं आणि कुठे नाही हे ठरवते. चरबीही तिच्या पोकळीत नुसती येऊन चिकटत नाही. ती भिंतीच्या आत, अस्तराच्या खाली साठत जाते आणि तिथे कुठलाच काढा पोचत नाही.

हे अस्तर म्हणजे या लेखाचा खरा विषय. महाधमनीपासून केसाहून बारीक केशवाहिनीपर्यंत प्रत्येक रक्तवाहिनीला आतून ते असतं, फक्त एका पेशीच्या जाडीचं. डॉक्टरी भाषेत त्याला एंडोथेलियम म्हणतात. आपण अस्तरच म्हणू.

या अस्तराचं मोल कळायला विज्ञानालाही बराच वेळ लागला. रॉबर्ट फर्चगॉट हे अमेरिकन शास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करायचे. ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन टाकलं की पट्टी कधी आखडायची, कधी सैल पडायची. गोम निघाली पट्टी तयार करण्याच्या पद्धतीत. हाताळताना आतलं अस्तर खरवडून गेलं असेल तर पट्टी आखडायची, शाबूत असेल तर सैलावायची. म्हणजे सैल होण्याचा हुकूम अस्तराकडून सुटत होता. 1980 मध्ये त्यांनी हे छापलं. पुढे कळलं की हा हुकूम म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू आहे, अस्तरातल्या पेशी तो तयार करतात आणि काही सेकंदांत तो विरून जातो. या कामासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना 1998 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी आपल्या घराघरांत माहीत आहे. ती शरीरात गेल्यावर हाच वायू मोकळा करते. अस्तराला जे जमेनासं झालंय ते ती गोळी थोडा वेळ करून देते.

नायट्रिक ऑक्साइडचं काम नुसती नस रुंद करण्यापुरतं नाही. रक्तातल्या गुठळी करणाऱ्या बारीक कणांना, म्हणजे प्लेटलेट्सना, तो भिंतीला चिकटू देत नाही. पांढऱ्या पेशींना भिंतीत शिरू देत नाही. भिंतीतले स्नायू जाड होऊ देत नाही. हा वायू पुरेसा असेपर्यंत अस्तर गुळगुळीत राहतं. तो कमी पडायला लागला की पुढची सगळी लांबड सुरू होते: आधी आखडणं, मग भिंतीचा दाह, मग चरबीची गाठ, आणि एखाद्या दिवशी ती गाठ फुटून तिच्यावर रक्ताची गुठळी. हार्ट अटॅक म्हणतात तो बहुतेक वेळा या शेवटच्या पायरीला. आधीच्या पायऱ्या चढायला वर्षानुवर्षं लागतात, आणि त्यातली एकही दुखत नाही.

शुगर अस्तराला नेमकं काय करते

आपल्या स्नायूंच्या पेशींना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं. रक्तात साखर कितीही असो, इन्सुलिनचा इशारा नसेल तर ती तिथे फारशी शिरत नाही. रक्तवाहिनीच्या अस्तराचं तसं नाही. रक्तात साखर वाढली की ती अस्तराच्या पेशीत मुकाट्याने शिरते, तिला अडवायची सोय त्या पेशीकडे नाही. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांच्या काही पेशींचीही हीच गत. मधुमेहात डोळे, किडनी आणि पायच आधी का जातात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आत साचलेली साखर जाळताना पेशीत अर्धवट जळलेले, चावरे रेणू तयार होतात. ते नायट्रिक ऑक्साइडला गाठून संपवतात. दुसरीकडे साखर प्रथिनांना चिकटत जाते. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर आपण 'एचबीएवनसी' या तपासणीत मोजतो. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून त्या आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. पण जी साखर हिमोग्लोबिनला चिकटते तीच रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या तंतूंनाही चिकटते, आणि ते तंतू लाल पेशींसारखे चार महिन्यांत बदलले जात नाहीत. भिंत हळूहळू ताठ होते. ताठ नळीतून रक्त ढकलायला दाब जास्त लागतो, म्हणून शुगरच्या मागोमाग बीपी येतं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती शुगर निघण्याच्या आधीच सुरू होते. इन्सुलिनचं एक काम साखर पेशीत घालणं, हे सगळ्यांना ठाऊक. त्याचं दुसरं काम अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला सांगणं. जेवणानंतर स्नायूंकडे जास्त रक्त जावं म्हणून ही सोय. पोटावर आणि यकृतात चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, आणि त्यात हे दुसरं कामही मंदावतं. पण नस आखडवणारं एंडोथेलिन नावाचं रसायन बनवण्याचा इशाराही इन्सुलिनच देतं, आणि तो तसाच चालू राहतो. शरीर दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि पारडं आखडण्याकडे झुकत जातं. उपाशीपोटी शुगर अजून 105 किंवा 110 असते. रिपोर्ट बघून माणूस म्हणतो, बॉर्डरवर आहे, काही नाही. अस्तराच्या दृष्टीने मात्र काम केव्हाच सुरू झालेलं असतं.

'मी तर काटक आहे, मला कशाची शुगर' हे मराठवाड्यात फार ऐकू येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये स्वतः दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3; म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्याकडच्या माणसाचे हातपाय बारीक असतात, चरबी पोटात दडलेली असते. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते: पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या वर आणि बाईची 80 च्या वर असेल, तर काटक दिसण्यावर जाऊ नये.

याची मुळं आईच्या पोटापर्यंत जातात. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये युद्धामुळे उपासमार झाली. तेव्हा आईच्या पोटात असलेली मुलं पन्नाशीला आल्यावर तपासली, तर त्यांची साखर हाताळण्याची ताकद इतरांपेक्षा कमी निघाली. याज्ञिकांचं पुण्याजवळच्या खेड्यांमधलं कामही याच दिशेने बोट दाखवतं. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या किती तरी आया मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. त्यांच्या पोटातली बाळं आज पन्नाशी ओलांडून गेलीत. त्या पिढीतल्या प्रत्येकाने लक्षणांची वाट न बघता शुगर बघून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि टेन्शन

ओपीडीत एक संवाद वरचेवर होतो. केज-धारूर भागातले एक मामा, पन्नाशीचे, पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. बीपी 168/102. पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, 164/100.

"मामा, बीपी वाढलंय."

"वाढलं आसंल, डॉक्टरसाहेब. टेन्शन लै आहे. लग्न एकदा पार पडू द्या, आपोआप उतरंल."

मामांचं निदान अर्धं बरोबर आहे. टेन्शनने बीपी वाढतं हे त्यांना पुस्तक न वाचता कळलंय. चुकतंय ते पुढचं वाक्य. लग्नानंतर लग्नाचं कर्ज, मग पेरणी, मग पाऊस, मग सोयाबीनचा भाव, मग मार्चअखेरीला बँकेत पीककर्जाचं नवं-जुनं. टेन्शन उतरायला मधे फट कुठे आहे? आणि असली तरी तेवढ्यात अस्तराचं व्हायचं ते थांबत नाही.

शरीरात ताणाच्या दोन वाटा आहेत. पहिली झटपट: मज्जातंतू आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात, छाती धडधडते, नसा आवळतात, रक्त पटकन गोठेल अशी तयारी होते. अंगावर रानडुक्कर आलं तर हेच जीव वाचवतं. दुसरी वाट संथ: मेंदूकडून निरोप येतो आणि त्याच ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल यकृताला साखर बनवून रक्तात सोडायला लावतं, स्नायूंना इन्सुलिनला दाद देऊ देत नाही आणि चरबी पोटाकडे वळवतं. गोडाचा कण न खाता काळजीने शुगर वाढते ती अशी. सावकाराचा फोन आला त्या दिवशी शुगर 40-50 ने जास्त दिसली असं पेशंट सांगतात, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवावा.

साधा, तात्पुरता ताणसुद्धा अस्तराला जाणवतो, आणि हे मोजता येतं. दंडातली धमनी सोनोग्राफीने बघायची, हाताला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त थांबवायचं आणि मग सोडायचं. अस्तर निरोगी असेल तर रक्ताचा लोंढा आल्याबरोबर ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी रुंद होते. 2000 साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना काही मिनिटं मानसिक ताण दिला. नंतर त्यांची धमनी नीट रुंद होईना, आणि हा परिणाम चार तासांपर्यंत राहिला. निरोगी माणसं, काही मिनिटांचा ताण, आणि चार तास. आता यात रोज सकाळी उठल्यापासूनची काळजी घालून बघा.

2017 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आणखी पुढचा दुवा आला. अमेरिकेतल्या संशोधकांनी 293 जणांच्या मेंदूचे, अस्थिमज्जेचे आणि धमन्यांचे स्कॅन एकत्र बघितले. मेंदूत भीती आणि काळजी हाताळणारा अमिग्डला नावाचा छोटा भाग असतो. तो ज्यांच्यात जास्त जागा होता, त्यांच्या अस्थिमज्जेची (पांढऱ्या पेशी तिथेच बनतात) हालचालही जास्त होती, धमन्यांच्या भिंतीत दाह जास्त होता, आणि पुढच्या काही वर्षांत हृदयाचे आणि मेंदूचे झटकेही त्यांनाच जास्त आले. 'टेन्शन घेऊ नको, मनाचे खेळ आहेत' म्हणणाऱ्यांना मला हे दाखवावंसं वाटतं. मनात चाललेलं धमनीच्या भिंतीत उतरतं.

त्याआधी 2004 मध्ये 'इंटरहार्ट' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. 52 देशांतली सुमारे 30 हजार माणसं त्यात होती. पहिल्या हार्ट अटॅकमागे जगभर जी नऊ कारणं ठळक दिसली त्यांत तंबाखू, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, पोट यांच्या बरोबरीने मानसिक-सामाजिक ताण होता. आपल्या उपखंडातल्या माणसांना हा पहिला झटका मधल्या वयाच्या हिशेबाने 53 व्या वर्षी आला, इतर देशांत साधारण 59 व्या वर्षी. सहा वर्षं आधी. पोरांची शिक्षणं-लग्नं व्हायची असतात तेव्हाच.

हे दोन्ही एकत्र आले की काय होतं, हा कळीचा मुद्दा. आपण टेन्शनला मनाचा आजार आणि शुगरला गोड खाण्याचा आजार समजून दोन खणांत ठेवतो. अस्तराला तो फरक कळत नाही. त्याच्यापर्यंत दोन्हींकडून एकच गोष्ट पोचते: नायट्रिक ऑक्साइड कमी, दाह जास्त, आवळणं जास्त. शिवाय दोघं एकमेकांना पोसतात. काळजीने झोप उडते, एवढ्यानेच इन्सुलिनची ताकद उतरते. शुगर वाढली की रात्री लघवीला उठावं लागतं, पुन्हा झोप मोडते. अंगात त्राण राहत नाही, काम रखडतं, काळजी वाढते.

मराठवाड्यात झोपमोडीचं एक कारण पुस्तकात सापडणार नाही, ते म्हणजे रात्रीची लाइट. शेतीपंपाला थ्री फेज वीज रात्री असली की हरभऱ्याला नाहीतर उसाला पाणी द्यायला माणूस थंडीत बारे मोडत बसतो, पहाटे येऊन पडतो, आणि दिवसाची कामं कुणाला सुटत नाहीत. दिवसा वीज द्या ही मागणी शेतीची आहेच. माझ्या दृष्टीने ती आरोग्याचीही आहे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने आणि पुराने शेतं खरवडून नेली, माती वाहून गेली. तेव्हा नुकसानीचे पंचनामे झाले ते पिकाचे आणि जनावरांचे. ती चिंता ज्यांच्या अंगात मुरली त्यांचं बीपी गावोगाव मोजून घ्यायला हवं होतं. ते अजूनही मोजता येईल.

बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन हे संप्रेरक अस्तराला नायट्रिक ऑक्साइड बनवायला मदत करतं. पाळी जाण्याआधी बायकांना हार्ट अटॅक कमी येतात, त्यामागचं हे एक कारण. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं 2019 मध्ये राज्यभर गाजलं, सरकारने चौकशी समितीही नेमली. चर्चा झाली ती कामावरचे खाडे आणि टोळी नेणारे मुकादम यांच्याभोवती, आणि ती व्हायलाच हवी होती. पण तिशी-पस्तिशीत पिशवीबरोबर बीजकोषही काढले गेले, तर त्या बाईच्या अस्तराचं हे संरक्षण त्याच दिवशी संपतं. वय पस्तीस, पण रक्तवाहिनीचा धोका पाळी गेलेल्या बाईचा. त्यावर आगाऊ घेतलेल्या उचलीचं ओझं, कोपीतली म्हणजे झोपडीतली झोप, पहाटे चारची थंडी आणि मिसरी. अशा प्रत्येक मावशीचं बीपी आणि शुगर दरवर्षी बघितलंच पाहिजे, आणि पिशवी काढताना बीजकोष ठेवले की काढले हे कागदावर लिहून घेतलं पाहिजे. ऑपरेशनचे कागद जपून ठेवा, हे मी प्रत्येकीला सांगतो.

न दुखणाऱ्या जागेची खबर कशी काढायची

अस्तर स्वतः बोलत नाही, पण जिथे नसा सगळ्यात बारीक आहेत तिथे त्याची खूण आधी उमटते. लघवीतून प्रथिनाचा अगदी बारीक अंश जाऊ लागतो, त्याची 'मायक्रोअल्ब्युमिन' तपासणी होते. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी ती बोलते. डोळ्याचा पडदा ही शरीरातली अशी जागा आहे जिथे रक्तवाहिन्या काहीही न कापता थेट दिसतात, म्हणून शुगर निघाली की नजर चांगली असली तरी पडदा तपासायचा. पुरुषांमध्ये लिंगाला ताठरता न येणं ही पुष्कळदा बारीक नसांचीच तक्रार असते आणि हृदयाच्या दुखण्याच्या काही वर्षं आधी येते. लाजेपायी माणसं जाहिरातवाल्या वैद्याकडे जातात आणि पैसे घालवतात. त्याऐवजी बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासलं तर पुढचा झटका टळू शकतो.

पायाची तपासणी मात्र प्रत्येक घरात व्हावी. मधुमेह असलेल्या माणसाला खाटेवर आडवं करा. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या खाचेतून वर पाऊलभर सरकत या. पावलाच्या पाठीवर, मधोमध हाडाच्या उंचवट्याशी दोन बोटं हलकी ठेवा. ठोका लागतो. जोरात दाबलं तर स्वतःच्या बोटाचाच ठोका जाणवतो, म्हणून हलकेच. दोन्ही पायांत सारखा लागतोय का ते बघा. एखाद्याला जन्मतःच तिथे ठोका लागत नाही, तेव्हा एका पायाला लागतोय आणि दुसऱ्याला नाही, किंवा पाय थंड आहे, पोटऱ्यांवरचे केस गेलेत, थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो, असं असेल तर डॉक्टरकडे जायचं. तळवाही बघा. सोयाबीनच्या धसकटाने झालेली जखम शुगरवाल्याला कळत नाही. चिघळल्यावर कळते, तोवर बोट हातचं गेलेलं असतं.

आता उपायांचं. चालण्याने शुगर जळते हे सगळे सांगतात. चालण्याचा अस्तरावर वेगळाच परिणाम होतो, तो कमी सांगितला जातो. रक्त जोरात वाहू लागलं की ते अस्तराला घासत जातं, आणि या घासण्यानेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड बनवतं. चरबीच्या गाठी धमनीला फाटा फुटतो तिथेच जास्त का होतात, याचंही उत्तर हेच. तिथे प्रवाह भोवऱ्यासारखा अडखळतो, सरळ घासत नाही. म्हणून रोजची अर्धा तास भरभर चाल ही अस्तराला थेट मिळणारी खुराक आहे. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं शतपावली केली तर जेवणानंतरची शुगरही कमी चढते. 'शेतात राबतो, वेगळं कशाला चालू' हा प्रश्न रास्त आहे. जो खरंच दिवसभर राबतो त्याला वेगळं नको. पण नांगरट ट्रॅक्टरने, शेतावर जाणं मोटारसायकलने, तणनाशकाची फवारणी मजुराकडून, असं असेल तर राबणं आठवणीत उरलंय.

जेवणात भाकरी आली की शुगर जाते असं नाही. ज्वारीतही पिठूळपणा भरपूर आहे, तीन मोठ्या भाकऱ्या शुगर चढवणारच. ज्वारीची गंमत तिच्या सोबत्यांत आहे: पातीचा कांदा, मेथी, शेंगदाण्याची चटणी, उसळ, ताक. रेशनचा तांदूळ आणि दिवसातून सहा वेळा गोड चहा यांनी ही सोबत मोडली. तंबाखू-चुन्याबद्दल दोनच वाक्यं. धूर नसला तरी निकोटीन नसा आवळतंच. मिसरीतूनही तेच जातं.

अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घ्यायची सवय मात्र सोडाच. पाच टक्के ग्लुकोजची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे 25 ग्रॅम साखर थेट रक्तात. साध्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना माणसाला अख्ख्या दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. बीपीवाल्याने पैसे देऊन बीपी वाढवून घेण्यासारखं आहे हे.

गोळीबद्दलची भीती खोल आहे: 'एकदा लागली की सुटत नाही.' ब्रिटनमध्ये मधुमेहींवर झालेल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निकाल 1998 मध्ये आले. एका गटाचं सरासरी बीपी 144/82 ठेवलं, दुसऱ्याचं 154/87 राहिलं. वरच्या आकड्यात जेमतेम दहाचा फरक. एवढ्याने पहिल्या गटात पक्षाघात 44 टक्क्यांनी कमी झाले. मामांना मी हाच हिशेब सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "मग लग्नाआधीच चालू करा."

टेन्शन उतरवायला गोळी पुरत नाही, आणि कर्ज असताना 'ध्यान करा' सांगणं मला पटत नाही. कर्ज, भाव, पीकविमा यांची उत्तरं दवाखान्यात नाहीत. पण झोप उडालीय, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतं, असं झालं तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. भजनी मंडळ, पारावरची बैठक, बचत गटाची सभा यांनाही मी औषधाचाच मान देतो. माणूस बोलता राहिला की ताण थोडा तरी उतरतो.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट बघतात, आशाताईला विचारा. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, आणि पाच मिनिटं टेकून शांत बसा. पुन्हा पुन्हा 140/90 किंवा वर आलं तर डॉक्टरकडे जा. उपाशीपोटी शुगर 100 ते 125 असेल तर कंबर, चाल आणि झोप आजच मनावर घ्यायची. 126 किंवा वर आली तर पुन्हा तपासून उपचार सुरू करायचे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर निघतात तेव्हा सगळ्यात जास्त गोळ्या सुटतात. निघण्याआधी केंद्रात सांगून जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्या, उपचाराचं कार्ड बाडबिस्तऱ्यात न टाकता आधार कार्डासोबत ठेवा, आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ते दाखवा. तिथेही त्याच गोळ्या मिळतात.